गलगंड आणि औरंगाबाद जिल्हा

गलगंड हा अंतःस्रावी ग्रंथींपैकी अवटु ग्रंथीचा विकार होय. आहारात आयोडीन अपुरे पडले म्हणजे ही ग्रंथी वाढते. गर्भावस्थेतील तीच उणीव तीव्र असल्यास बालकाची बुद्धी कायमची खुंटते. हा हिमालयाच्या पायथ्याचा रोग, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. १९५६ पासून कांगडा खोऱ्यात रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विभागांस आयोडीनयुक्त आणि एकास साधे मीठ पुरविले. आयोडीनयुक्त मिठाच्या विभागांत गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याचा रोख प्रथम हिमालयीन पट्ट्यावरच होता.

पुढे वैजापूर तालुका ज्यात मोडतो त्या औरंगाबाद (आजच्या छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्याचीही गणना गलगंडग्रस्त प्रदेशांत झाली. गोदावरीच्या खोऱ्यातील हा पठारी मुलूख हिमालयापासून कितीतरी दूर आहे. अशा नोंदींमुळे पर्वतापेक्षा आयोडीनच्या उणिवेकडे लक्ष वळले. निदानात मान चाचपण्यास मूत्रातील आयोडीनच्या मोजणीची जोड मिळाली. १९८४ मध्ये खाण्याचे सर्व मीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण ठरले. जुना, गाठाळलेला गलगंड मिठाने क्वचितच ओसरतो. म्हणून प्रतिबंध हाच येथे खरा उपचार ठरतो.