पॉवेल सरोवर : पाण्याचे ऋतुनिहाय तापमान व पोहण्यातील धोके

अमेरिकेतील यूटा व ॲरिझोना या राज्यांच्या सीमेवर कोलोरॅडो नदी अडवून तयार झालेला जलाशय. ग्लेन कॅन्यन धरणाची दारे १३ मार्च १९६३ रोजी बंद झाली आणि जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरायला १९८० साल उजाडले. १८६९ मध्ये होड्यांतून या खोऱ्याचा ठाव घेणाऱ्या जॉन वेस्ली पॉवेल यांचे नाव त्याला दिलेले आहे. पूर्ण भरल्यावर लांबी सु. ३०० किमी. होते, रुंदी मात्र बहुतेक ठिकाणी बेताचीच, कारण पाणी मैदानावर पसरलेले नसून मुख्य घळीत आणि तिला मिळणाऱ्या असंख्य उपघळींत शिरलेले आहे. दोन्ही बाजूंना लाल वालुकाश्माचे सरळसोट कडे उभे आहेत. पोहणाऱ्याच्या दृष्टीने या सरोवराची ओळख या कड्यांपासूनच सुरू होते, कारण उतरता काठ मोजक्याच जागी सापडतो.

पृष्ठभागाचे सरासरी तापमान जानेवारी-फेब्रुवारीत सु. ८° से. असते, म्हणजे घरच्या फ्रीजमधल्या पाण्यापेक्षा थोडेसेच वर. मार्चमध्ये ते ११°, एप्रिलमध्ये १२°, मेमध्ये १८°, जूनमध्ये २१° आणि जुलैत २४° होते. ऑगस्टमध्ये २७° हा वर्षाचा उच्चांक येतो. नंतरची घसरण संथ असते : सप्टेंबर २४°, ऑक्टोबर २१°, नोव्हेंबर १७°, डिसेंबर १२°. हवा जुलैत सर्वाधिक तापते, पाणी महिनाभर मागून येते. त्यामुळे जून आणि ऑक्टोबरचे पाणी सारखेच ऊबदार असते, मे आणि नोव्हेंबरच्या पाण्यात जेमतेम एका अंशाचा फरक पडतो. तरीही नोव्हेंबरात पाण्यात उतरण्याचे कोणाच्या मनात येत नाही आणि मेमध्ये गर्दी होते. माणूस हवा पाहून ठरवतो, पाणी पाहून नाही.

हे सगळे आकडे वरच्या थराचे आहेत आणि पर्यटनाच्या माहितीपत्रकांत ते तसे स्पष्ट सांगितले जात नाही. उन्हाने तापलेले पाणी हलके होऊन वर राहते, थंड व जड पाणी तळाशी बसते, आणि उन्हाळ्यात या दोहोंमध्ये काही मीटर जाडीचा असा पट्टा तयार होतो की त्यातून खाली जाताना तापमान झपाट्याने उतरते. हिवाळ्यात वरचे पाणी थंड होऊन खाली जाते आणि थर मिसळू लागतात, पण सरोवर इतके खोल आहे की हे मिसळणे सहसा तळापर्यंत पोचत नाही. खालचे क्षारयुक्त, थंड पाणी तिथेच पडून राहते. ऑगस्टमध्ये वर आंघोळीसारखे वाटणाऱ्या पाण्यात खोल सूर मारणारा काही क्षणांत वेगळ्याच ऋतूत जातो.

याचा सर्वांत ठळक पुरावा धरणाच्या खाली मिळतो. वीजगृहाकडे पाणी नेणाऱ्या नळांची तोंडे पूर्ण संचय पातळीच्या सु. ७० मी. खाली आहेत. त्यामुळे सरोवर भरलेले असताना खालच्या नदीत भर उन्हाळ्यातही सु. ८° ते १०° से. तापमानाचेच पाणी सुटत राहिले. धरणापूर्वी हीच नदी हिवाळ्यात गोठण्याच्या जवळ आणि उन्हाळ्यात २५ अंशांच्या वर जात असे. २००० नंतरच्या दुष्काळाने चित्र पालटले. २०२२ च्या उन्हाळ्यात पातळी इतकी खाली आली, की नळांच्या तोंडांवर जेमतेम २० मी. पाणी उरले, वरचा ऊबदार थर त्यात ओढला गेला आणि खालच्या नदीचे तापमान २०° च्या आसपास पोचले. त्याच वर्षी धरणाखाली स्मॉलमाउथ बास या परक्या, शिकारी माशाची पैदास आढळली आणि मूळच्या हंपबॅक चब माशाच्या भवितव्याची चिंता वाढली.

पोहणाऱ्याला सर्वाधिक फसवणारा काळ एप्रिल-मेचा. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सु. २५ पट वेगाने खेचते. पाणी १५ अंशांखाली असेल तर अचानक बुडी घेताच माणसाला अनावर धाप लागते; तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पहिलाच श्वास घातक ठरतो. मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी बर्फगार पाण्यासाठी सोपा हिशेब मांडला आहे : श्वास सावरायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटे, आणि शुद्ध हरपेपर्यंत साधारण तासभर. एप्रिलच्या पाण्यात मुदती थोड्या लांबतात, क्रम तोच राहतो. पट्टीचा पोहणाराही यातून सुटत नाही, कारण आधी दगा देतात ते श्वास आणि स्नायू.

वसंतात येथे वारेही जोरदार वाहतात. नेहमी घडणारा प्रसंग असा : होडी थांबवून कोणी लाइफ जॅकेटविना पाण्यात उडी घेतो, होडीत सुकाणू धरणारा कोणी नसतो, आणि वारा होडीला पोहणाऱ्यापेक्षा वेगाने दूर नेतो. समोर कडा असतो, पण त्याला धरून वर चढता येत नाही. तेरा वर्षांखालील मुलांना चालत्या होडीत जॅकेट सक्तीचे आहे. मोठ्यांना ते नुसते जवळ बाळगण्याची मुभा आहे, आणि बुडणाऱ्याच्या उपयोगाला होडीत पडलेले जॅकेट येत नाही.

ऑगस्टमध्ये थंडीचा प्रश्न मिटतो, धोके नव्हे. जलाशयाची पातळी दरवर्षी कित्येक मीटर वरखाली होते. कड्यांवरचा पांढरा क्षारांचा पट्टा हे त्याचेच माप. २०२३ च्या आरंभी पाणी पूर्ण पातळीपेक्षा सु. ५५ मी. खाली होते. गतवर्षी उडी मारलेल्या जागी यंदा पाण्याखाली थोड्याच अंतरावर खडक असू शकतो. कड्यांवरून १५ फूट वा त्याहून अधिक उंचीच्या उड्यांना येथे बंदी आहे ती याचसाठी. जुलै ते सप्टेंबर हा वादळी पावसाचाही काळ. १२ ऑगस्ट १९९७ रोजी सरोवराला मिळणाऱ्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा पर्यटक वाहून गेले. पाऊस काही मैल दूर पडला होता.

सर्वांत अनपेक्षित धोका मात्र हाउसबोटींचा निघाला. जनरेटरचा धूर मागच्या बाजूला, पोहण्यासाठी केलेल्या फळीखाली सोडला जाई आणि तिथल्या पोकळीत कार्बन मोनॉक्साइड साठे. ऑगस्ट २००० मध्ये दोन लहान भाऊ अशा पोकळीत शिरून मरण पावल्यावर चौकशी सुरू झाली. १९९० ते २००० या काळात सरोवरावर या वायूच्या विषबाधेच्या १११ घटना आढळल्या, त्यांतील ७४ हाउसबोटींवरच्या होत्या. पोहता येणारा माणूस शांत पाण्यात अचानक बुडाला, अशी नोंद झालेल्या मृत्यूंकडे त्यानंतर नव्याने पाहिले गेले. पुढे धूर छताच्या वर सोडणाऱ्या उभ्या नळ्या बसवण्यात आल्या. जुन्या रचनेच्या होड्यांजवळ, जनरेटर चालू असताना, पाण्यात उतरू नये असा इशारा कायम आहे. होड्या बांधून ठेवण्याच्या मरीनांमध्ये पोहण्यास बंदी आहे. तिथे जाणाऱ्या-येणाऱ्या होड्यांखेरीज सदोष वायरिंगमधून पाण्यात उतरणारी वीज हे कारण असते, आणि गोड्या पाण्यात तिचा थोडासा प्रवाहही स्नायू जखडून टाकायला पुरतो.