चीवर, ठिगळ आणि गोधडी

आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरांत माळ्यावर एखादी जुनी गोधडी सापडतेच. वर आजीच्या नऊवारी लुगड्याचं पान, आत विरलेली धोतरं आणि सदरे, आणि सगळीकडून धावदोरा. पाहुणे आले की आम्ही ती आत सरकवतो व विकतचे ब्लँकेट पुढे करतो. ठिगळ म्हणजे दारिद्र्य, ही समजूत आपल्या मनात घट्ट बसली आहे. तिचा इतिहास सर्वांनी समजून घ्यावा, म्हणून हे चार शब्द.

ही लाज आपली नव्हे. ती आपल्यावर लादली गेली. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत असे लिहून ठेवले आहे. गावगाड्यात मढ्यावरचं कापड हा महाराचा 'हक्क' मानला जाई. पुढे मुंबईत गिरण्या निघाल्या, तिथेही आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने म्हणे विटाळ होई! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी या अन्यायाला वाचा फोडली.

त्याआधी, २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब माताभगिनींशी बोलले. लुगड्याला ठिगळं असली तरी हरकत नाही, पण ते स्वच्छ असावं, आणि काय नेसायचं, कसं नेसायचं यावर कुणाचं बंधन मानू नका, असा त्यांचा उपदेश होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला शुभ्र वस्त्रांत लोटलेला जनसागर आपल्याला ठाऊक आहेच.

आता तथागतांच्या काळाकडे वळू. आरंभी भिक्खू उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून वापरीत. त्याला पांसुकूल म्हणतात. पुढे जीवक वैद्याने भगवंतांना उंची वस्त्र अर्पण केले, तेव्हा गृहस्थांनी दिलेले चीवर घेण्यास भगवंतांनी अनुमती दिली. मात्र ज्याला पांसुकूल हवे त्याने ते वापरावे, असेही सांगितले. चिंधी तीच, पण मनूने ती सक्तीने गळ्यात बांधली आणि बुद्धाने ती माणसाच्या इच्छेवर सोडली. आमच्या मते सारा फरक इथेच आहे.

विनयपिटकात चीवराच्या शिवणीची कथा आहे. मगधातली बांधबंदिस्तीची शेते पाहून भगवंतांनी आनंदाला विचारले, असे चीवर करता येईल काय? आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर शिवले. आजही भन्तेजींच्या चीवरावर त्या बांधांच्या रेघा दिसतात. भिक्खू स्वतः शिवत. त्यांना सुई व अंगुस्तान बाळगायची मुभा होती. तेव्हा सुईदोरा हे फक्त बायकांचं काम, असं आपल्या पुरुषमंडळींनी म्हणू नये!

दुसरी कथा कोसंबीची. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. एवढ्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने विचारले. आनंदाने सांगितले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पलंगपोसे करू. ती जुनी झाली की गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झटकायचे फडके. आणि तेही फाटले की त्याच्या चिंध्या चिखलात कुटून जमीन सारवू. राजा खूश झाला व त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

हा क्रम वाचून आपली आजी आठवत नाही काय? लुगडं विरलं की गोधडी, उरल्या तुकड्यांचं बाळाचं दुपटं, मग पायपुसणं, आणि शेवटी सारवायचं पोतेरं. विनयपिटक न वाचताच तिने आनंदाचा धडा गिरवला होता.

आज स्वस्त कपडा हवा तेवढा मिळतो. पण पॉलिएस्टर हे खनिज तेलापासून होते. ते लवकर कुजत नाही आणि धुताना त्याचे बारीक तंतू सांडपाण्यात जातात. जुन्या सुती साडीची गोधडी घाम टिपते. पॉलिएस्टरची तशी टिपत नाही. म्हणून खरेदी करताना सुती निवडावे, गरजेपुरते घ्यावे, उसवले तर टाका घालावा. मुलांना बटण लावायला शिकवावे, मुलग्यांनाही.

सणाला नवे शुभ्र वस्त्र जरूर नेसावे. तो मान आपण लढून मिळवला आहे. पण घरची गोधडी लपवू नये. यंदा वर्षावासात दर रविवारी विहारात सर्वांनी जुनी सुती वस्त्रे घेऊन बसावे आणि मिळून गोधड्या शिवाव्यात, अशी आमची विनंती आहे. कठिन चीवरदानाच्या दिवशी त्या वस्तीतल्या गरजूंना देऊ.

जय भीम! नमो बुद्धाय!