पासोडी आणि प्रतिकृती : चित्रांच्या सहआस्वादाची दोन रूपे

(१)

महाराष्ट्रातील चित्रास्वादाचा इतिहास सामान्यतः १८५७ साली मुंबईत सुरू झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेपासून, किंवा त्यानंतर घरोघर पोहोचलेल्या राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांपासून सांगितला जातो. या मांडणीमागे एक गृहीतक असते. चित्र अनेकांच्या आस्वादाचा विषय व्हायचे असेल तर त्याच्या प्रती निघाल्या पाहिजेत. प्रती निघाल्या की रसिकांचा समूह आपोआप तयार होतो. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे एक वस्त्र हे गृहीतक तपासून पाहण्यास भाग पाडते.

दासोपंत (१५५१–१६१५) हे मराठी वाङ्मयेतिहासात मुख्यतः त्यांच्या लेखनाच्या विस्तारामुळे ओळखले जातात. 'गीतार्णवा'च्या सव्वा लक्ष ओव्या आणि रोज लागणारी ढब्बू पैशाची शाई या परंपरेने सांगितलेल्या गोष्टी त्या विस्ताराविषयीच्या आहेत. 'पासोडी'चे वेगळेपण मात्र विस्तारात नाही, माध्यमात आहे. पासोडी म्हणजे पांघरायचे जाडेभरडे सुती वस्त्र. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा वस्त्रावर दासोपंतांनी 'पंचीकरण' हा वेदान्तविषय मजकूर आणि आकृत्या यांच्या साहाय्याने मांडला.

या विषयाला आकृतीची गरज का भासावी, हे त्याच्या रचनेतच दिसते. पंचमहाभूतांपैकी प्रत्येकाचे दोन भाग करावयाचे. एक अर्धा स्वतःकडे राखायचा, उरलेल्या अर्ध्याचे चार वाटे करून इतर चौघांना द्यायचे. म्हणजे प्रत्येक स्थूल भूतात अर्धा अंश स्वतःचा आणि एकअष्टमांश, एकअष्टमांश असे चार अंश इतरांचे. पाच गुणिले पाच अशा या पंचवीस अंशांची देवघेव ओवीतून सांगता येते, परंतु ओवी एकामागून एक ऐकावी लागते. येथे सर्व संबंध एकाच वेळी नजरेसमोर असणे हेच आकलनाचे साधन आहे.

पासोडीचा आकारही बोलका आहे. पोथी मांडीवर किंवा व्यासपीठावर ठेवून एकाने वाचायची आणि इतरांनी ऐकायची असते; तेथे श्रोते अनेक असले तरी संहिता पाहणारा एकच असतो. ४० फुटी वस्त्र एकट्याने हाताळणे अवघडच. ते उलगडायला हात लागतात, पसरायला जागा लागते, आणि पसरल्यावर ते अनेकांच्या डोळ्यांसमोर एकदमच येते. बोट ठेवून दाखवणारा, ते पाहणारे आणि मध्ये वस्त्र, अशी परिस्थिती या आकारात आधीच गृहीत धरलेली आहे. पासोडीला ज्याला आज 'चित्र' म्हणतात त्या अर्थाने चित्र म्हणता येणार नाही, ही मर्यादा मान्यच केली पाहिजे. परंतु सहआस्वादाची तिने घालून दिलेली रीत स्पष्ट आहे: वस्तू एक, जागा एक, आणि तिच्याभोवती जमलेली माणसे.

(२)

बीड जिल्हा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानात अजिंठ्याची लेणीही होती. तेथे सहआस्वादाची नेमकी उलटी रीत घडली. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने ही लेणी पाहिल्यानंतर तेथील चित्रे इतरांना दाखवण्याची निकड निर्माण झाली. भिंत हलवता येत नाही. म्हणून प्रतिकृती आल्या. १८४४ पासून रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे तेथे राहून नकला केल्या. लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत त्यांपैकी बहुतेक नष्ट झाल्या. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांसह हेच काम पुन्हा आरंभले. १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांच्याही कित्येक नकला जळाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६–९७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्यासारखे बंगालचे तरुण चित्रकार आणि हैदराबादचे सय्यद अहमद, मुहम्मद फझलुद्दीन यांनी पुन्हा नकला केल्या.

चित्र वाटून घेण्याच्या या उत्साहाची किंमत मूळ चित्रांनी मोजली. रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर व्हार्निश चढवले गेले. कालांतराने ते काळवंडले आणि ज्यांना पाहायचे त्यांच्याच दृष्टीआड चित्रे गेली. १९२०–२२ मध्ये हैदराबाद संस्थानाने सेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना संवर्धनासाठी आणले, तेव्हा हा थर हेही दुरुस्तीचे एक कारण होऊन बसले होते.

(३)

प्रतिकृतीने झालेली दुसरी हानी डोळ्यांना दिसत नाही, परंतु समीक्षेच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. नक्कलकार संपूर्ण भिंत उचलू शकत नाही. तो निवड करतो. सोळाव्या लेण्यातील एक ग्लान स्त्री अशाच निवडीतून 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणून जगप्रसिद्ध झाली. फ्लॉरेन्सच्या चित्रकारांनी रेषा आणि व्हेनिसच्या चित्रकारांनी रंग अधिक चांगले योजले असते, परंतु भावाभिव्यक्तीत दोघेही या चित्रापुढे जाऊ शकले नसते, असा ग्रिफिथ्स यांचा अभिप्राय होता. अभिप्राय उदार आहे. मात्र त्यात स्त्री कोण, हा प्रश्नच उरत नाही. पुढील अभ्यासकांनी हा प्रसंग नंदाच्या कथेत बसवला. पती भिक्षू झाल्याचे त्याच्या परत आलेल्या मुकुटावरून उमगलेली सुंदरी ती. ती मरत नाही, तिला सोडले गेले आहे. अश्वघोषाच्या 'सौन्दरनन्दा'चा वाचक या भिंतीपुढे उभा राहिला तर त्याला करुणाबरोबरच एक अवघड प्रश्नही दिसेल: एकाची मुक्ती दुसऱ्याचा शोक होते, त्याचे काय? सुटी केलेली प्रतिमा हा प्रश्न विचारू शकत नाही.

साहित्यव्यवहाराला हे अपरिचित नाही. काव्यातून वेचा निघतो, वेचा पाठ्यपुस्तकात जातो, आणि पिढ्या त्यालाच काव्य समजतात. 'आवडते चित्र' हाही असा वेचाच असतो. पासोडीतून मात्र वेचा काढता येत नाही. पंचवीस अंशांतला एखादाच वेगळा काढला तर त्याला अर्थच उरत नाही.

(४)

म्हणून प्रतिकृती त्याज्य ठरवावी असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. भिंतीवरून आज नाहीसे झालेले कित्येक तपशील केवळ या नकलांतच उरले आहेत. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत प्रसिद्ध केलेल्या 'अजंठा'मध्ये चित्रांना त्यांच्या कथांसह मांडले; प्रतिमेला तिची संहिता परत देण्याचाच तो प्रयत्न होता. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. चित्रकारांना घेऊन ते अजिंठ्याला गेले, १९३२ साली अजिंठ्याचे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले आणि १९३८ मध्ये औंधला संग्रहालय उभारले. संस्थान लहान, गाव आडवळणाचे. परंतु तेथे प्रतिकृतीभोवती पुन्हा माणसे जमावीत अशी योजना होती.

या प्रयत्नांतून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रती वाढल्याने पाहणारे वाढतात. रसिकसमूह मात्र दाखवणारा आणि पाहणारे एका संहितेपुढे थांबतात तेव्हाच घडतो. चार शतकांपूर्वी अंबाजोगाईत एका जाड्याभरड्या वस्त्राने हे ओळखले होते. चित्रास्वादाचा इतिहास लिहिताना पासोडीला संतवाङ्मयाच्या दालनात ठेवून पुढे जाणे म्हणूनच योग्य ठरणार नाही.