पट्ट्यावरची धार

वस्तऱ्याचा इतिहास लिहिणारे पोलादाविषयी भरभरून लिहितात. ज्या चामड्याच्या पट्ट्यावर ते पोलाद रोज उलटसुलट फिरत असे, त्याच्या वाट्याला मात्र एखादेच वाक्य येते. आम्हांस हा अन्याय वाटतो.

पोलादाची कीर्ती खोटी नव्हे. दक्षिणेतील उक्कूचे, म्हणजे इंग्रजांच्या ‘वूट्झ’चे, नमुने डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून लंडनला पाठविले आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांचा त्यांवरील निबंध रॉयल सोसायटीपुढे आला. पुढे वस्तरे व शस्त्रक्रियेची हत्यारे घडविणाऱ्या जेम्स स्टोडार्टने मायकेल फॅरडेसह पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले. पण त्याच दशकात लंडनचा जॉर्ज पॅकवुड पट्टा आणि त्यावरचा लेप वर्तमानपत्रांतून जाहिराती देऊन खपवीत होता; १७९६ मध्ये तर त्याने त्या जाहिरातींचे पुस्तकच काढले!

दगडाने धार घडते, पट्ट्याने ती सावरते. नुसते चामडे पोलाद फारसे झिजवीत नाही. वाकलेली कड सरळ करून ती गुळगुळीत करते. म्हणूनच पाते नेहमी पाठीच्या अंगाने ओढावयाचे, आणि पट्टा ताणलेला हवा. तो सैल पडला की कड गोलावते. मात्र सरळ करण्यालाही मर्यादा आहे. केस पोलादाहून सुमारे पन्नासपट मऊ असूनही कडेचे सूक्ष्म टवके उडवितो, हे २०२० साली ‘सायन्स’ नियतकालिकातील संशोधनाने दाखविले. टवका सरळ होत नाही. तेथे लेप लागतो.

तांबडा लेप लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे आपल्या गेरूच्याच कुळातला. तो सौम्य, चकाकी देणारा. हिरवा क्रोमियम ऑक्साइडचा. पोलादाहून कठीण, तरी बारीक दळलेला असल्याने वस्तऱ्यास मानवणारा. हिऱ्याच्या भुकटीचा लेप झपाट्याने कापतो, आणि उतावळ्या हातात बिघाडही तितक्याच झपाट्याने करतो. स्वयंपाकघरातील सुरीला सपाट फळीवर चिकटविलेला चामड्याचा तुकडा आणि हिरवा लेप पुरे. वस्तऱ्यास घट्ट विणीचे कापड व घोड्याचे किंवा गाईचे गुळगुळीत चामडे, दोन्ही हवीत.

रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या धास्तीने केशकर्तनालयांत बदलत्या पात्याचे वस्तरे आले, ते योग्यच झाले. पण आपल्यापैकी काही घरांच्या पेट्यांत पणजोबांचा शेफील्डचा वा झोलिंगेनचा वस्तरा आणि वाळून कडक झालेला पट्टा अजून असेल. त्या पट्ट्यावर कोणताही लेप थापू नये. एकदा शिरलेले कण चामड्यातून पुरते निघत नाहीत. लेपासाठी वेगळा तुकडा घ्यावा, आणि जुन्या पट्ट्यास प्रथम ओलसर फडक्याने पुसून, वाळल्यावर नुसता तळहात फिरवून पाहावा.