परमुलखातला घोडा आणि त्याचे ठाण

मागच्या दोन व्याख्यानांत आपण माणसांच्या स्थलांतराबद्दल बोललो. आज घोड्यांबद्दल बोलायचे आहे. विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या स्नेह्यांनी फोन करून विचारले, ‘‘तत्त्वज्ञानाच्या माणसाचे तबेल्यात काय काम?’’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तासाभरात आपले आपल्यालाच मिळेल असे वाटते.

सुरुवात एका उताऱ्यापासून करू. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो दक्षिणेत माबारला, म्हणजे आजच्या तमिळ किनाऱ्यावर, आला. तो लिहितो की इथे घोडे निपजत नाहीत. होर्मुझ, कैस, धोफार, एडन इथले व्यापारी ते जहाजांतून आणतात. एकटा राजा वर्षाला दोन हजारांवर घोडे घेतो, त्याचे भाऊही तेवढेच घेतात, आणि वर्ष संपताना त्यांतले शंभरसुद्धा उरत नाहीत. कारण काय? निगा कशी राखायची हे इथल्या लोकांना कळत नाही, आणि इथे नालबंद नाहीत. पुढे तो आणखी एक गोष्ट सांगतो, ती महत्त्वाची आहे. घोडे आणणारे व्यापारी नालबंदांना इकडे येऊच देत नाहीत. घोडे मेले की नवे विकता येतात.

हा उतारा आम्ही कार्यकारणभाव शिकवताना बरीच वर्षे वर्गात वापरला. अज्ञान हे कारण, मृत्यू हे कार्य. फळ्यावर बाण काढला की संपले. एके वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील जनावरांचे डॉक्टर होते. तो म्हणाला, ‘‘सर, घोड्याला उलटी होत नाही.’’ वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण तो गंभीर होता. त्याने सांगितले की घोड्याच्या पोटात गेलेले परत वर येत नाही, त्यामुळे त्याचे खाणे एकाएकी बदलले तर पोटशूळ उठतो आणि जनावर तडफडून मरते. दाणा जास्त झाला तर खुरांच्या आत सूज येते आणि घोडा लंगडा होतो. म्हणजे घोडा मारायला उपाशीच ठेवावे लागते असे नाही, लाडानेही तो मरतो. त्या दिवशी आमच्या लक्षात आले की ‘अज्ञान’ असा एक शब्द फळ्यावर लिहून आम्ही विचार करणे थांबवले होते.

मग आम्ही दुसरा साक्षीदार शोधला. इराणमधला इतिहासकार वस्साफ साधारण याच काळात लिहीत होता. तो म्हणतो की हिंदुस्थानात घोड्याला कच्च्या जवाऐवजी भाजलेले जव, लोणी-तूप घातलेला दाणा आणि तापवलेले गाईचे दूध देतात. चाळीस दिवस त्याला दोरांनी खुंट्यांना बांधून ठेवतात, म्हणजे तो अंग धरेल. नंतर कसलेही शिक्षण न देता एकदम त्याच्यावर बसून दौड करतात. थोड्याच काळात चांगला तेजदार घोडा मंद आणि निकामी होतो. आता त्या मुलाचे वाक्य इथे लावून पाहा. कित्येक आठवडे डुलत्या जहाजात उभा राहून आलेला, सुक्या मुलखातल्या चाऱ्यावर वाढलेला प्राणी. त्याच्यापुढे तुपातला दाणा, आणि पायांत अगाडी-पिछाडी. त्यात दुष्टावा कुठेच नाही. पाहुण्याला आपण वाढतो तसेच त्याला वाढले, एवढेच.

वस्साफचे आकडे मात्र जपून घ्यावेत. तो म्हणतो, एकेकाळी वर्षाला १०,००० घोडे माबार, खंबायत वगैरे बंदरांत जात आणि त्यांची एकूण किंमत २२ लाख दीनार होई. दुसरीकडे तो एका घोड्याचा भाव २२० दीनार देतो. गुणाकार करून पाहा, अगदी बरोबर येतो. जकातीची खरी वही इतकी गुळगुळीत नसते. हा हिशेब बसून केलेला आहे. तरी व्यापार मोठा होता आणि त्यात अफाट सोने जात होते याबद्दल शंका नाही. मार्को पोलो आपल्या ठाण्याबद्दलही हेच सुचवतो. तो सांगतो की तिथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता, लुटीतले घोडे राजाचे आणि बाकीचा माल चाच्यांचा!

आता हवामानाचा मुद्दा. ‘इथली हवाच घोड्याला मानवत नाही’ हे उत्तर आपण पुष्कळदा ऐकतो. त्यात तथ्य आहे. किनाऱ्यावरची दमट हवा, चिखल, बारमाही कुरणांचा अभाव, सगळे खरे. १८८० मध्ये ग्रिफिथ एव्हान्स या पशुवैद्याने डेरा इस्माईलखानला सर्रा नावाच्या रोगाचे जंतू घोड्याच्या रक्तात पाहिले. चावणाऱ्या माश्यांमार्फत हा रोग पसरतो. पोलोला किंवा वस्साफला हे कळण्याचा मार्गच नव्हता, कित्येक घोडे अशा रोगांनीही गेले असतील. पण सगळे हवेवर ढकलले की माणसाकडे काहीच उरत नाही, आणि ते सोयीचे असते म्हणूनच आपल्याला थोडा संशय यायला हवा.

संशयाला आधार आहे. आपला तिसरा साक्षीदार रशियाच्या त्वेर गावचा व्यापारी, अफानासी निकितिन. १४७० च्या आसपास होर्मुझकडून एक घोडा घेऊन हा माणूस आपल्या चौलला उतरला. हजारो घोडे नव्हेत, एकच. त्यात त्याची सगळी पुंजी अडकलेली. चौलहून घाट चढून, पाली वगैरे गावे करत तो जुन्नरला पोचला आणि पावसाने त्याला तिथे गाठले. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे तो लिहितो. जुन्नर ज्यांनी आषाढात पाहिले आहे त्यांना त्याचे हाल वेगळे सांगायला नकोत.

तिथल्या खानाने, असदखानाने, त्याचा घोडा काढून घेतला. हा माणूस आपल्या धर्माचा नाही हे कळल्यावर अट घातली की आमचा धर्म स्वीकार, घोडाही परत देतो आणि वर हजार मोहरा देतो. चार दिवसांची मुदत दिली. निकितिन किती घाबरला असेल ते त्याच्या ओळींतून आजही कळते. अखेर एका खुरासानी सद्गृहस्थाने रदबदली केली, धर्मही राहिला आणि घोडाही मिळाला. पुढे त्याने तो बीदरला विकला आणि टिपून ठेवले की वर्षभर घोड्याला पोसले, त्याला ६८ फुतून खर्च आला.

वर्षभर! म्हणजे परदेशातून जहाजाने आलेला, घाट चढलेला, जुन्नरचा पावसाळा काढलेला घोडा वर्षाने विकण्याजोगा होता. मग पोलोच्या घोड्यांचे आणि या घोड्याचे नशीब वेगळे का? निकितिन जाता जाता सांगतो की इथे घोड्यांना वाटाणे देतात, साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी देतात. म्हणजे खुराक पुन्हा शिजवलेलाच. फरक दोन दिसतात. एक तर चौल, दाभोळ या बंदरांतून दख्खनला घोडे येऊन पिढ्या झाल्या होत्या, सांभाळणारी माणसे तयार झाली होती. आपली भाषाच त्याची साक्ष देते. पागा, तबेला, नाल, लगाम, जीन, खरारा, मोतद्दार हे शब्द पाहा. यांतले बहुतेक फारसी-अरबीतून आले, आणि वस्तू वापरणारी माणसे आल्याशिवाय असे शब्द घराघरांत रुजत नाहीत. आपल्याकडे शालिहोत्राची अश्ववैद्यकाची परंपरा होतीच, घोड्याच्या वैद्याला उत्तरेत सालोत्री म्हणतात ते त्यावरूनच. दोन्ही विद्या दख्खनमध्ये भेटल्या. आलेल्या अरबी-तुर्की घोड्यांचा स्थानिक तट्टांशी संकर होऊन भीमाकाठी काटक, चिवट भीमथडी घोडा तयार झाला. परका घोडा असा इथला झाला.

दुसरा फरक अधिक साधा आहे. घोडा मेला असता तर निकितिन बुडाला असता. त्याची भरपाई कोणी करणार नव्हते.

आता चौथा साक्षीदार पाहा. फेर्नाव नुनिश हा पोर्तुगीज विजयनगरला राहिला, १५३५ च्या सुमारास त्याने वृत्तांत लिहिला. तो स्वतः घोड्यांच्या व्यापारातला. विजयनगरचा राजा दरवर्षी होर्मुझचे १३,००० घोडे घेतो असे तो सांगतो. पण आम्हाला झोप लागू न देणारे वाक्य वेगळे आहे. आधीच्या साळुव नरसिंह राजाबद्दल तो म्हणतो की हजार परदावला तीन या भावाने तो घोडे घेई, जिवंत असोत वा मेलेले. समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी जिवंत घोड्याची किंमत मिळे.

राजा मूर्ख नव्हता. असा विमा दिला नसता तर व्यापाऱ्यांनी घोडे बहमनींना दिले असते, आणि घोड्यावाचून राज्य टिकत नव्हते. पुढे १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला तो काही अंशी याच व्यापारासाठी. १५४७ च्या तहात तर विजयनगरने गोव्यात उतरणारे घोडे आपल्यालाच मिळावेत, आदिलशहाला मिळू नयेत असे लिहूनच घेतले. राजाचे बरोबर, व्यापाऱ्याचे बरोबर, पोर्तुगिजांचेही त्यांच्या परीने बरोबर. सगळ्यांचे हिशेब जुळतात आणि घोडा मरतो. ज्याच्या हातात जनावर आहे त्याला ते जगले काय, मेले काय, सारखेच पैसे मिळणार. इथे ज्ञान कमी नव्हते. ज्ञान वापरायचे कोणाला कारण उरले नव्हते.

म्हणून फळ्यावरचा आमचा बाण चुकला होता. ‘घोडे का मेले?’ याच्या आधी विचारायला हवे होते, ‘घोडा जगावा असे कोणाला वाटत होते?’

आता शेवटचा कागद. शिवाजी महाराजांचे एक पत्र आहे, राज्याभिषेकाच्या आगेमागे लिहिलेले, चिपळूणजवळ हलवर्ण मुक्कामी असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना. देशावरचे घोडे कोकणात पावसाळा काढणार, तेही एक प्रकारे परमुलखातच. पत्रात पराक्रमाची गोष्ट नाही, दाण्याची आणि गवताची आहे. सामग्री आत्ताच संपवाल तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाऊन दाणा-भाकर, गवत-फाटे उचलू लागाल आणि रयतेला वाटेल, यापेक्षा मोगल बरे.

पुढे आगीबद्दल लिहिले आहे. कोणी गवताजवळ चूल मांडेल, कोणी तंबाखू ओढेल, वारा पाहणार नाही. रात्री दिवा तसाच राहील आणि उंदीर जळती वात ओढून नेईल. एका खणाला लागलेली आग सगळीकडे जाईल. नंतर कोणाच्या माना मारल्या, कोणाला कितीही ताकीद केली, तरी घोड्यांना निवारा उभारायला एक लाकूड मिळणार नाही.

मित्रहो, यातच आजचा सगळा विषय आहे. शेपटी मोजून पैसे देणे ही घटना घडल्यानंतरची व्यवस्था. उंदराचा विचार करणे ही आधीची. शिक्षा आणि भरपाई दोन्ही नंतर येतात आणि दोन्हींनी घोडा परत येत नाही. सभासद बखरीत पागेची रचना दिली आहे, त्यात २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला आहे. माबारला पोलोला जो माणूस दिसला नाही, तो इथे संख्येनिशी कागदावर आला. पावसाळ्याआधी दाणा, औषधे भरून ठेवावीत, माणसांची आणि घोड्यांची घरे शाकारून ठेवावीत, असेही त्यात आहे.

आता त्या स्नेह्यांचा प्रश्न. तत्त्वज्ञानाच्या माणसाचे तबेल्यात काय काम? आम्ही आयुष्यभर वर्गात ‘जबाबदारी म्हणजे काय’ हे शिकवले, आणि बहुतेक वेळा उदाहरणे घेतली ती गुन्हा घडून गेल्यानंतरची. दोषी कोण, शिक्षा किती. कोणाला तरी एका मुलखातून उचलून दुसऱ्या मुलखात आणायचे, तर तो येण्याआधी त्याचे ठाण कोणी पाहिले, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. तो मागच्या बाकावरचा मुलगा विचारत होता, आणि आम्ही हसलो होतो.

पुढच्या वेळी पागेतल्या माणसांबद्दल, बारगीर आणि शिलेदार यांच्याबद्दल बोलू.