रक्ताच्या एका थेंबाचा इतिहास

दुर्मिळ आजार कशाला म्हणायचं? पुस्तकात व्याख्या असते, लाखात इतके म्हणजे दुर्मिळ. पण तो लाख कुणाचा मोजला ते पुस्तक सांगत नाही. मलबार हिलवर मोजाल तर सिकलसेल दुर्मिळच निघणार. नागपूरच्या बौद्ध वस्तीत मोजा, गडचिरोलीच्या गोंड-माडिया गावात मोजा, नंदुरबारच्या भिल्ल-पावरा पाड्यावर मोजा. मग बोला.

दोस्तांनो, मी डॉक्टर नाही. वस्तीत वाढलो, भिंतीवर पोस्टरं चिकटवली, आणि रक्ततपासणीच्या शिबिरात सतरंज्या टाकता टाकता हे शिकलो. आमच्याकडे एखादं पोट्टं हातपाय सुजून रात्ररात्र रडायचं. डोळे पिवळे पडायचे. पावसाळ्यात ताप, हिवाळ्यात कळा. म्हातारी म्हणायची बाहेरचं आहे, उतारा टाका. भगत कोंबडं खाऊन मोकळा व्हायचा. दवाखान्यात न्यावं तर कुणी कावीळ म्हणे, कुणी वात म्हणे. एका डॉक्टरनं तर आमच्या तोंडावर सांगितलं, तुमच्या लोकांचं रक्तच खराब. उताऱ्याचा धंदा आणि हे वाक्य, दोन्ही एकाच मापाची. दोघांनाही आजार शोधायचा नव्हता.

म्हणून हा इतिहास सांगतो. यात रक्त आहे, मलेरिया आहे, जात आहे, आणि पँथरसुद्धा आहे.

१९०४ साली ग्रेनाडा बेटावरचा एक काळा तरुण दाताचा डॉक्टर व्हायला शिकागोला गेला. वॉल्टर क्लेमेंट नोएल त्याचं नाव. त्याच वर्षाअखेर तो आजारी पडून इस्पितळात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या शिकाऊ डॉक्टरनं त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर गोल लाल पेशींमध्ये विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली ते छापलं. वैद्यकाच्या इतिहासात हेरिकचं नाव लागलं. ज्याचं रक्त होतं त्याचं नाव इतिहासकारांनी शोधून छापायला १९८९ साल उजाडलं. नोएल मात्र शिकून मायदेशी परतला होता, तिथं दवाखाना थाटला होता, आणि १९१६ साली वयाच्या बत्तिशीत न्युमोनियानं गेला.

हा न्युमोनिया ध्यानात ठेवा. आपली पोरं का मरतात ते त्यात आहे.

रक्तातली लाल पेशी म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारा हमाल. तिच्यात हिमोग्लोबिन असतं. सिकलसेलच्या रुग्णात ऑक्सिजन कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून ताठ दोरे बनतं आणि पेशी विळ्यासारखी वाकते. धड पेशी जगते सुमारे १२० दिवस, ही वाकडी १०-२० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढचं मांस, हाड उपाशी पडतं. त्या कळा. ज्यानं त्या पाहिल्या तो 'नाटक करतो' असं कधी म्हणणार नाही.

आता पाणथरी. डाव्या बरगडीखाली असते, रक्तातले जंतू गाळते. आपल्या अंगातली नाक्यावरची चौकीच समजा. सिकलसेलच्या पोरात वाकड्या पेशी तिच्यात अडकून अडकून ती लहानपणीच निकामी होते. चौकी उठली की साधा जंतू मोकाट आत शिरतो. ज्या न्युमोनियाच्या जंतूला शेजारचं पोरगं आठ दिवस खोकून परतवतं, तोच या पोराला एका रात्रीत नेतो. म्हणजे आजार दुर्मिळ, पण जीव घेणारा जंतू रोजचाच, गल्लीतला. अमेरिकेत १९८६ साली प्रयोगानं सिद्ध झालं की सिकलसेलच्या लहान मुलांना रोज पेनिसिलिनची साधी गोळी दिली तर हे जंतूंचे हल्ले पाचातले चार टळतात. महाग यंत्र नको, परदेशी सुई नको. पण गोळी द्यायची तर आधी पोराला सिकलसेल आहे हे कळायला पाहिजे. न तपासलेलं पोरगं तापानं मेलं की कागदावर फक्त ताप लिहिला जातो. सिकलसेल मोजलाच जात नाही. आणि मोजला नाही म्हणून दुर्मिळ! हे वर्तुळ नीट पाहून ठेवा.

मग हा विळा आपल्या रक्तात आला कसा? पाप? शाप? मागल्या जन्मीचं? त्याचं उत्तर विज्ञानानं तीन टप्प्यांत दिलं. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या साथीदारांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. १९५७ साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रामनं नेमकी जागा पकडली. १४६ अमायनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागेवरचा एकच मणी बदललेला. आणि मधे, १९५४ साली अँथनी ॲलिसननं पूर्व आफ्रिकेतून खरी गंमत सांगितली. जिथं मलेरिया फार तिथंच हा गुण फार. ज्याच्याकडे विळ्याचा एकच वारसा आहे, आईकडून किंवा बापाकडून, त्याला मारक मलेरिया सहसा मारू शकत नाही. मलेरियाच्या मुलखात तो जगला, त्याची पोरंबाळं जगली.

म्हणजे ज्याला तो डॉक्टर खराब रक्त म्हणाला ते आपल्या पूर्वजांना जगवणारं रक्त आहे. दलदलीत, जंगलात, डासांच्या मुलखात राबणाऱ्या माणसांचा हा वारसा. पण हिशेब दुहेरी आहे. एक वारसा वाचवतो, दोन मिळाले तर छळतात. आणि दोन वारसे असलेल्या रुग्णाला मलेरिया झाला तर तो उलट जास्त घातक.

आता पँथरकडे येतो. एका अमेरिकन डॉक्टरनं १९७० साली हिशेब मांडला. १९६७ साली तिथं सिकलसेलचे अंदाजे ११५५ नवे रुग्ण, आणि सिस्टिक फायब्रोसिस या मुख्यतः गोऱ्यांत आढळणाऱ्या आजाराचे १२०६. संख्या जवळपास सारखी. पण लोकवर्गणी? गोऱ्यांच्या आजाराला १९ लाख डॉलर, सिकलसेलला एक लाखसुद्धा नाही. दोन्ही सारखेच दुर्मिळ, पण एकाला वाली होता.

ब्लॅक पँथर पार्टी १९६६ साली ओकलंडला निघाली. आपल्याला तिची बंदूक माहीत आहे, काळी टोपी माहीत आहे. पण १९६९ पासून हीच पार्टी पोरांना शाळेआधी फुकट न्याहारी देत होती. तिनं वस्त्यांत फुकट दवाखाने काढले, आणि १९७१ पासून सिकलसेलची मोहीम उघडली. बोटाला सुई टोचून एक थेंब रक्त घ्यायचं, तिथल्या तिथं चाचणी. घरोघर, मैदानात, सभेच्या जागी. सोबत आपल्या वर्तमानपत्रातून सांगायचं की हा आजार काय, आणि सरकारनं तो का पाहिला नाही. सरकारही हललं. निक्सननं १९७१ साली पैसे वाढवायची घोषणा केली, आणि १९७२ च्या मे महिन्यात सिकलसेलचा राष्ट्रीय कायदा झाला.

त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही नावं तुम्हाला पाठ आहेत. नाव अमेरिकेच्या पँथरवरून घेतलं हेही पाठ आहे. पण मी जेवढ्या शिबिरांना बसलो तेवढ्यांत बंदुकीची गोष्ट ऐकली, सुईची ऐकली नाही. आणि विळा तर इथंच होता! १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत लेहमन आणि कटबुश यांना तो सापडला. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यातल्या मजुरांतही आढळल्याचं छापून आलं. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. म्हणजे ज्या दशकात दीक्षाभूमीवर लाखो लोक जमले, त्याच दशकात आपल्या मुलखाच्या रक्ताची खबर लंडनच्या साप्ताहिकात छापली जात होती. वस्तीपर्यंत ती यायला किती वर्षं लागली, ते प्रत्येकानं आपल्या घरच्या म्हातारीला विचारावं.

अमेरिकेच्या गोष्टीचं दुसरं पान मात्र कडू आहे, तेही वाचलं पाहिजे. अनेक राज्यांनी घाईघाईत सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. कुठं शाळेत जाताना, कुठं लग्नाच्या परवान्याआधी. वाहक आणि रुग्ण यांतला फरक ना अधिकाऱ्याला कळला, ना मालकाला. धडधाकट वाहकांना नोकऱ्या नाकारल्या, विमा नाकारला. अमेरिकेच्या हवाईदल अकादमीनं वाहकांना दार बंद केलं ते १९८१ पर्यंत. काळ्या कातडीवर आणखी एक शिक्का. १९७२ च्या राष्ट्रीय कायद्यानं तपासणी स्वेच्छेची हवी असं म्हटलं, ते उगाच नव्हे. तपासणी लोकांच्या हातात असली की शस्त्र, मालकाच्या हातात गेली की बेडी.

आपल्याकडे तर शिक्क्यांची फॅक्टरीच आहे. एखाद्या पोरीचा 'एएस' निघाला की सोयरीक मोडते. पोराचा निघाला तर झाकून ठेवतात. पोरगी वाळीत आणि पोरगा झाकणात! जातीच्या अस्पृश्यतेतून बाहेर पडलेल्या माणसानं रक्ताची नवी अस्पृश्यता घरात पाळायची? गणित साधं आहे, पाठ करा. एएस म्हणजे वाहक, तो आजारी नाही. एसएस म्हणजे रुग्ण. आईबाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाच्या वेळी चारात एक शक्यता रुग्णाची, दोन वाहकाची, एक मोकळ्याची. नाणं दर वेळी नव्यानं उडतं. पहिलं पोर एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नाही. एकच जण वाहक असेल आणि दुसऱ्याच्या रक्तात तसला दोष नसेल तर सिकलसेलचं पोर होत नाही. म्हणजे वाहकानं लग्न करायचं नाही असं अजिबात नाही. दोघांनी आधी तपासून घ्यावं, बस. आणि लग्न होऊन गेलं असेल तर गर्भारपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरला विचारावं, गर्भाची तपासणीही होते.

इथं बाबासाहेब आठवतात. नोएल मेला त्याच १९१६ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचत होते, की जातीचा प्राण म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. त्यांनी ते समाजशास्त्र म्हणून मांडलं. आनुवंशशास्त्र त्याला आज पुरवणी जोडतं. भिंती घालून लग्नं केली की वारसा त्याच कोंडवाड्यात फिरत राहतो, आणि दोन वाहक एकमेकाला भेटायची शक्यता वाढते. पण जातीबाहेर लग्न केलं की तपासणी नको, असंही समजू नका. विदर्भात हा विळा तेली, कुणबी घरांतही सापडतो. त्याला चातुर्वर्ण्य कळत नाही. त्याला डास कळतो आणि भिंत कळते.

आज काय आहे? २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेल आला. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, सात कोटी लोक तपासायचे, २०४७ पर्यंत उच्चाटन. चांगलं आहे. पण त्याचा भर आदिवासी भागावर आहे. आदिवासी भावाला ते मिळालंच पाहिजे, आणि शहरातल्या बौद्ध वस्तीलाही मिळालं पाहिजे. मागणी एकत्र करायची, एकमेकाच्या ताटातलं ओढायचं नाही.

तेव्हा कामाचं बोलतो. प्रत्येक शाखेनं वस्तीतली यादी करावी. पोरांची आणि लग्नाच्या वयाच्यांची तपासणी मनानं, सक्तीनं नाही, आणि निकाल ज्याचा त्याच्या हातात, चौकात नाही. रुग्ण पोराला लहानपणी पेनिसिलिन, फॉलिक ॲसिड, सगळ्या लशी. न्युमोकोकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आहे. कळा वारंवार येत असतील तर हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध आहे, डॉक्टरच्या देखरेखीखाली. पाणी भरपूर, थंडीपासून जपणं, मच्छरदाणी. आणि एसएस पोराला ताप आला की उतारा नाही, उद्या बघू नाही, त्याच घटकेला दवाखाना. डॉक्टरला पहिलं वाक्य सांगायचं, याला सिकलसेल आहे. डॉक्टरनं कानाडोळा केला तर तिथं आपला कार्यकर्ता उभा पाहिजे.

जयंतीच्या मिरवणुकीला आपल्याकडे माणसांची कमी नसते. डीजेचे पैसेही जमतात. त्याच मांडवात एक टेबल, एक टेक्निशियन, आणि थेंब थेंब रक्त. ऑगस्ट असो की एप्रिल, हे टेबल दिसलं पाहिजे. पँथरचं नाव घ्यायचं तर हे कामही घ्या.

जय भीम.