फैजपूरची गर्दी आणि मताचा कागद

निवडणूक जवळ आली की 'हल्लीची पोरं मतदान करत नाहीत' हे रडगाणं सुरू होतं. मला मात्र तेव्हा आमच्या जळगाव जिल्ह्यातलं फैजपूर आठवतं.

२७-२८ डिसेंबर १९३६. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. बांबूंच्या नगराची सजावट नंदलाल बोसांची. साने गुरुजी त्यासाठी अक्षरशः राबले. पुढच्या दोनेक महिन्यांत प्रांतिक निवडणुका होत्या, पण लंडनच्या पार्लमेंटने केलेल्या १९३५ च्या कायद्यात मत मिळायचं ते शेतसारा, कर किंवा शिक्षण पाहून. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार जेमतेम ३ कोटी! म्हणजे बहुतेक सालदार, मजूर, गरीब कुळं बाहेरच. प्रौढ मताधिकाराने निवडलेली घटना समिती हवी, ही मागणी याच फैजपुरात पुन्हा झाली.

१९४२ ला नंदुरबारात (तेव्हा पश्चिम खानदेश, म्हणजे धुळे जिल्हा) शिरीषकुमार गोळीला बळी पडला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. स्वतंत्र भारतातही मताचं वय आधी २१ होतं, १८ झालं १९८९ मध्ये. ब्रिटनने ते १९६९ लाच केलं होतं. तिथेही २००१ ला एकूण मतदान ५९ टक्क्यांवर घसरलंच की!

माझा भाचा म्हणतो, "मामा, काय फरक पडस?" आळशी नाही हो तो. नाव जळगावच्या यादीत, नोकरी पुण्यात. सुट्टी मिळते एक दिवसाची, आणि प्रवासात जातात दोन रात्री.